कचारगडची शिळा

आपल्या मराठी मुलखात दगडाला तोटा नाही, आणि दगडाच्या कौतुकालाही नाही. रायगडाचा टकमक कडा, देवगिरीचा उभा तासलेला खडक, एका पाषाणातून कोरून काढलेले वेरूळचे कैलास लेणे, यांच्यावर आजवर इतके लिहून झाले आहे की शाळकरी पोरही चार ओळी घडाघडा म्हणून दाखवील. पण नीट पाहिले तर हे सारे कौतुक छिन्नीचे आहे. ज्याला माणसाचा हात लागला, ज्याच्यावर कुणा राजाने आपले नाव कोरले, तोच दगड इतिहासात बसतो. ज्याला छिन्नी लागली नाही आणि ज्याच्याभोवती कुणी तट बांधला नाही, तो दगड फार तर सहलीच्या कामाचा, अशी आपली एकंदर समजूत.

महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला मात्र असा एक डोंगर आहे की त्यातील गुहेत कुणी छिन्नी चालवलेली नाही, आणि तरीही तिच्यावाचून एका मोठ्या समाजाचा इतिहास सुरूच होत नाही. त्या डोंगराचे नाव कचारगड. नावात गड आहे, पण तेथे बुरूज नाही, दरवाजा नाही, तोफ नाही. जे काही आहे ते निसर्गाने केलेले आहे, आणि जी काही शिबंदी आहे ती कथेची आहे.

नकाशावर हे ठिकाण शोधायचे तर मुंबई–हावडा लोहमार्गावर बोट ठेवावे. नागपूर सोडले की गाडी भंडारा, तुमसर, तिरोडा करीत गोंदियास येते. वाटेत वैनगंगा ओलांडावी लागते आणि दोन्ही बाजूंस धानाच्या बांध्या लागतात. गोंदिया हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता. त्या दिवशी तो स्वतंत्र जिल्हा झाला. गोंदियाच्या पुढे आमगाव, मग सालेकसा, मग दरेकसा. इथवर महाराष्ट्र. त्यापुढचे बोरतलाव आणि बमलेश्वरीचे डोंगरगड ही छत्तीसगडातील स्थानके. म्हणजे दरेकसा हा आपल्या राज्याचा अगदी उंबरठाच. इथल्या माणसाच्या तोंडी मराठी आहे ती झाडीची. घरात गोंडी आहे, बाजारात हिंदी आणि छत्तीसगडी. एकाच चहाच्या टपरीवर चारही भाषा कानावर पडतात, आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही.

हा लोहमार्गही जुना. नागपूरहून छत्तीसगडचे धान्य आणण्यासाठी जो अरुंद रुळांचा सरकारी मार्ग घातला गेला, तो १८८२ साली राजनांदगावला पोचला. पुढे १८८७ मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने तो आपल्याकडे घेतला आणि त्याचे रूळ रुंद केले. दरेकशाजवळ डोंगर आडवा आला तेथे बोगदा खणावा लागला. या बोगद्याच्या परिसरातच हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे गाडीतून जाणाऱ्यांनाही त्याचे दर्शन घडते. खिडकीतली मुले ओरडतात, वडीलधारी मंडळी चष्मा पुसतात, आणि तेवढ्यात काळोख होतो. आता वनखात्याच्या देखरेखीखाली तेथे लहानसे पर्यटनस्थळ झाले आहे. पायवाटा आहेत, बसायला जागा आहेत, आणि सुटीच्या दिवशी डबे घेऊन आलेली कुटुंबे आहेत.

मी आश्विनात तेथे गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. धान पिवळे होऊ लागले होते आणि बोड्या काठोकाठ भरल्या होत्या. धबधब्यापाशी मुले पाण्याकडे पाहत होती. मी ज्यावरून ते पडत होते त्या खडकाकडे पाहत होतो. पुण्या-नाशिककडच्या माणसाला हा खडक पहिल्या नजरेतच परका वाटतो. सह्याद्रीचा कातळ काळा, थरावर थर रचलेला, पायऱ्यांसारखा. इकडचा खडक लालसर, तांबूस, ठिकठिकाणी तडकलेला; त्याचे कुठे प्रचंड गोटे झालेले, कुठे एकमेकांवर कलंडलेल्या फळ्या. एखाद्या राक्षसाने घराचे सामान उतरवून तसेच टाकून द्यावे, असा तो पसारा दिसतो.

या पसाऱ्याची जन्मकुंडली भूशास्त्रज्ञांनी मांडली आहे. सह्याद्रीचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपण त्याला आदिम म्हणतो, पण सालेकसा-दरेकसा पट्ट्यातील खडकांपुढे तो कालचा पोर आहे. या पट्ट्यात ऱ्हायोलाइट नावाचा ज्वालामुखीचा खडक आहे. बसाल्टचा लाव्हा पातळ, दूरवर वाहणारा. ऱ्हायोलाइटचा लाव्हा घट्ट, पिठल्यासारखा, उगमापाशीच साचणारा. त्याचे आणि त्याच्याशेजारच्या डोंगरगड ग्रॅनाइटचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे मानले जाते. त्यावेळी पृथ्वीवर एक पान उगवलेले नव्हते, समुद्रात मासा नव्हता. या खडकांवर पुढे वाळूचे थर साचले आणि त्यांचा वालुकाश्म झाला. १९५० च्या दशकात एस. एन. सरकार यांनी या प्रदेशाच्या खडकांची क्रमवारी लावली. त्या वालुकाश्माला भूशास्त्राच्या पुस्तकांत आज बोरतलावचे नाव आहे. ज्या लहानशा स्थानकावर मोठ्या गाड्या थांबतही नाहीत, त्याचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या वाचनात आहे.

असल्या डोंगरांत गुहा कशा होतात हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. खडकाला सांधे असतात. पावसाचे पाणी त्यांत शिरते. उन्हाने खडक फुगतो, रात्री आकसतो. झाडांची मुळे फटीत घुसून पाचर ठोकावी तशी ती फट रुंदावतात. खालचा कच्चा भाग झिजून निघून जातो आणि वरचा कठीण भाग छपरासारखा उभा राहतो. कधी त्या छपराचा तुकडा निखळतो आणि तोंडाशी येऊन पडतो. एक शिळा पडायला एक क्षण पुरतो. ती सुटी व्हायला मात्र हजारो वर्षे लागतात.

कचारगडास जायचे तर दरेकशाहून धनेगावकडे वळावे लागते. धनेगावापासून चढ. साग, साजा, तेंदू, मोह यांच्या झाडीतून वाट वर जाते आणि दगडांमधून वळणे घेते. मजबरोबर वाट दाखवायला गावातले एक वयस्क गोंड गृहस्थ होते. त्यांना सगळे दादा म्हणत, मीही दादाच म्हटले. ते बेताने चालत, फार बोलत नसत, आणि मी थांबलो की पुढे न जाता थांबत. वाटेत एका वळणावर त्यांनी पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या. मी विचारले, "दादा, मंदिर आले का?"

"मंदिर नाही जी," ते म्हणाले. "घर आलं."

पुढच्या चढावर गुहेचे तोंड दिसले. ते पाहताच माणूस आपोआप आवाज उतरवतो. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. भिंती ओलसर, वास वटवाघळांचा, आणि वरच्या फटीतून उजेडाचा एक तिरपा पट्टा. आवाज केला की तो दोनदा परत येतो. आत कोरीव मूर्ती नाही, खांब नाही, शिलालेख नाही. शेंदूर, फुले, भाताचे दाणे, बांबूला बांधलेली निशाणे एवढेच माणसाच्या येण्याचे पुरावे. ही आशियातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा आहे, असे येणारे-जाणारे मोठ्या हौसेने सांगतात. मापाच्या फंदात मी पडलो नाही. तिचे मोठेपण मापाने ठरत नाही, हे तेथे दहा मिनिटे उभे राहिल्यावर कळते.

दादांनी गोष्ट सांगितली ती तेथेच, गुहेच्या तोंडाशी बसून. कोया वंशाची तेहतीस पोरे होती. फार उनाड, फार भुकेली, कोणाला आवरत नसत. शंभू महादेवाने चिडून त्यांना या गुहेत कोंडले आणि तोंडावर शिळा लोटली. त्यांची आई काली कंकाली बाहेर बसून रडू लागली. दिवस गेले, वर्षे गेली. शिळा कोणाला हलेना. तेव्हा पारी कुपार लिंगो आला. त्याच्या मागे जंगो रायताड नावाची शहाणी बाई होती, आणि हिरासुका पाटालीर नावाचा एक वादक होता. हिरासुकाने शिळेपाशी बसून वाद्य छेडले. त्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आले. त्यांनी आतून रेटा दिला, शिळा हलली, आणि घरंगळली. पोरे बाहेर आली. पण शिळा घरंगळली ती वाजवणाऱ्याच्याच अंगावर. हिरासुका तिच्याखाली गेला.

"पोरं सुटली," दादा म्हणाले, "पण गानारा नाही उरला."

थोडा वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग ते पुढे सांगू लागले. लिंगोने त्या पोरांना शिष्य केले. कसे जगावे, कोणाशी सोयरीक करावी, काय मारू नये, काय तोडू नये, हे शिकवले. त्यांचे सगे पाडले, गोत्रे पाडली. गोंड आज जे काही आहेत ते तेव्हापासून.

ही कथा लिहिली गेली ती पहिल्यांदा नागपुरात, आणि ती कागदावर आली एका स्कॉच पाद्र्यामुळे. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव वैदर्भीयांना पाठ आहे. कॉलेज १८८३ चे, माणूस त्याच्या कितीतरी आधीचा. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आला, तेव्हा गादीवर भोसले होते. तो मराठी शिकला, शाळा काढली, आणि धर्मप्रचाराच्या फिरस्तीत दोन छंद लावून घेतले. एक दगडांचा, दुसरा जंगलातल्या लोकांच्या भाषांचा. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूरच्या आसपासचे खडक धुंडाळले, टाकळीजवळ जीवाश्म शोधले, कामठीच्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळवले. त्या पानांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे होते. त्याच काळात तो परधान गायकांकडून गोंडांची गाणी उतरवून घेत होता.

परधान म्हणजे गोंडांचे भाट. किंगरी नावाचे तंतुवाद्य घेऊन घराघरांत जाऊन देवांची आणि कुळांची गाणी गाणे हा त्यांचा पिढीजात अधिकार. गोंडांची वंशावळ कागदावर नव्हती, ती परधानाच्या गळ्यात होती. आपल्या मराठी शामराव हिवाळ्यांनी १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर इंग्रजीत एक सबंध पुस्तक लिहिले, त्यावरून या जातीची महती कळावी.

एका परधानाने हिस्लॉपला लिंगोचे दीर्घ गाणे ऐकवले. हिस्लॉपने ते गोंडीत टिपून घेतले, भाषांतर केले. पण छापलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे उकरून पाहून घोड्यावरून परत निघाला होता. वाटेत बोरीजवळ पाणी चढले होते, त्यात तो बुडाला. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. त्याची टिपणे मागे राहिली. मध्य प्रांताचे तेव्हाचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादून १८६६ मध्ये छापली, आणि लिंगोचे गाणे जगापुढे आले.

त्या गाण्यातली गोष्ट दादांच्या गोष्टीहून थोडी निराळी आहे. तिथे महादेव एक खार निर्माण करतो. शेपटी वर करून खार धावते, गोंड तिच्यामागे लागतात, ती गुहेत शिरते, तेही शिरतात, आणि महादेव मागून शिळा लावतो. भस्मासुर पहाऱ्याला बसतो. चार गोंड तेवढे मागे राहिल्यामुळे सुटतात आणि काचीकोपा लोहगडाच्या रानात पळून जातात. पुढे पार्वतीला करमेनासे होते. तिला कोंडलेल्या गोंडांची आठवण येते, ती उपास धरते. मग लिंगो जन्मतो, तो फुलातून. त्याच्या वाद्याच्या नादाने म्हातारा राक्षससुद्धा नाचू लागतो. भुजंगाला मारून तो बिंदो पक्ष्याची पिले वाचवतो, ती महादेवापुढे नेतो, आणि त्या बदल्यात गोंडांची सुटका मागून घेतो.

दोन्ही कथांत तपशील वेगळे, पण कणा एकच. कोंडलेले लोक, तोंडावरची शिळा, रडणारी अथवा उपास करणारी आईच्या जागी असलेली बाई, वाद्य घेऊन फिरणारा मुक्तिदाता, आणि सुटकेनंतर नेमून दिलेली कुळे. ही कथा एका गावाची नव्हे हे तर आणखी स्पष्ट आहे. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन पंडित १९४० च्या दशकात निजामाच्या आदिलाबादेत राजगोंडांमध्ये राहिले. त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्यातही गुहेत कोंडलेले आहेत, लिंगो आहे आणि जंगुबाई आहे. नर्मदेपासून गोदावरीपर्यंत, एकमेकांना कधी न भेटलेल्या गायकांच्या तोंडी एकच गोष्ट असावी, याला नुसता योगायोग म्हणता येत नाही.

गाण्यातला काचीकोपा लोहगड म्हणजेच हा कचारगड, असे आजचे गोंड अभ्यासक सांगतात. या डोंगरात कच्चे लोखंड सापडते, त्यावरूनच नाव पडले, असे त्यांचे म्हणणे. पचमढीच्या महादेव डोंगराकडे बोट दाखवणारेही आहेत. मला या वादात निकाल द्यायचा मोह होत नाही. रामाचे पाय आपल्या गावच्या कुंडाला लागले असे महाराष्ट्रात किती गावे म्हणतात! त्या म्हणण्यात भूगोलाचा दावा थोडा आणि नात्याचा दावा फार असतो. प्रश्न गुहा कोणती हा नाही. एवढ्या मोठ्या समाजाने आपला जन्म राजवाड्यात, यज्ञात किंवा स्वर्गात न ठेवता अंधारकोठडीतून सुटण्यात का ठेवला, हा आहे.

उत्तराचा एक भाग त्यांच्या समाजरचनेत आहे. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत. आपल्याच गटात सोयरीक होत नाही. ती दुसऱ्या गटाशी करावी लागते. म्हणजे प्रत्येक लग्नात दोन वेगळे गट एकत्र येतात. गुहेत सगळे एकत्र कोंडलेले होते; बाहेर आल्यावर लिंगोने त्यांना वेगळे केले, ते पुन्हा रीतीने एकत्र यावेत म्हणून. शिवाय, गोत्रे साडेसातशे, आणि प्रत्येक गोत्राने एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी सांभाळायचा, असा नियम ते सांगतात. हिशेब केला तर सव्वादोन हजार जिवांना कोणीतरी रखवालदार नेमलेला आहे. वनखाते निघण्याच्या कितीतरी आधीची ही वनव्यवस्था. कचारगडच्या वाटेवर झाडी अजून दाट आहे, ती काही नुसत्या फलकांमुळे नाही.

आता पुन्हा दगडाकडे. हिस्लॉपच्या कपाटातली ती जिभेसारखी पाने पुढे फार दूर गेली. मध्य हिंदुस्थानातील ज्या कोळसा देणाऱ्या खडकांत अशी पाने मिळतात त्यांना १८७२ मध्ये एच. बी. मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने गोंडवन हे नाव वापरले, आणि १८७६ मध्ये फाइस्टमान्टेलने ते छापील केले. तीच पाने आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडू लागली. व्हिएन्नाचा एडुआर्ड स्यूस याने १८८५ मध्ये अनुमान मांडले की हे भूभाग एकेकाळी जोडलेले असले पाहिजेत, आणि त्या प्राचीन खंडाला नाव दिले गोंडवनलँड. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले. शोधणाऱ्यांना त्यांच्या तंबूशी सुमारे सोळा किलो दगड मिळाले. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. कामठीचे पान ध्रुवापाशी!

असे हे गोंडांचे नाव पृथ्वीच्या अर्ध्या पाठीवर पसरले. वन म्हणजे अरण्य; गोंडवन म्हणजे गोंडांची अरण्यभूमी; मग त्याला आणखी लँड कशाला, असे भूशास्त्रज्ञच चेष्टेने म्हणतात. गंमत अशी की गोंडवन खडक सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी साचू लागले, आणि दरेकसा पट्ट्यातला खडक त्यांहून आठपट जुना. ज्या डोंगराशी गोंडांनी आपला जन्म जोडला, तो त्यांच्या नावाच्या खंडाहूनही म्हातारा निघाला.

पण नाव खंडाला लागले त्या काळात माणसांचे काय झाले? गोंडांची राज्ये गढा-मंडला, देवगड, खेरला, चांदा अशी होती. देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर वसवले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूर आणि चांदा दोन्ही रघुजी भोसल्यांच्या हाती गेली. शंभर वर्षांनी भोसल्यांचेही राज्य इंग्रजांनी खालसा केले. जंगलांवर सरकारी शिक्का बसला. राजे गेले, किल्ले पडले. शाळेच्या पुस्तकात त्यांना एखादे पान मिळाले तर मिळाले. ज्याची बखर लिहिली जात नाही त्याचा इतिहास कुठे राहतो? तो गुहेत राहतो आणि गाण्यात राहतो. आणि गाणाऱ्याला दोन वेळचे मिळेनासे झाले की गाणेही आजारी पडते.

म्हणून अलीकडच्या काळात जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. १९८० च्या दशकापासून शिकलेल्या गोंड तरुणांनी कचारगडच्या यात्रेला नवे रूप दिले. त्यांत नागपूरचे भाषाभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी गोंडी भाषेवर आणि लिंगोच्या शिकवणीवर, म्हणजे कोया पुनेमवर, आयुष्यभर लिहिले. आज माघ पौर्णिमेस धनेगावात यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, इतक्या ठिकाणांहून माणसे येतात, आणि त्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. पिवळे फेटे, पांढरी लुगडी, सप्तरंगी निशाणे. भेटल्यावर रामराम नाही. "जय सेवा" म्हणायचे. एका बाजूला पुस्तकांची दुकाने, दुसऱ्या बाजूला भाताचे हंडे, आणि मध्ये ढोल. गुहेपाशी गेलेल्या म्हाताऱ्या बाया भिंतीला हात लावतात, तो हात डोळ्यांना लावतात. माहेरच्या उंबऱ्याला लावतात तसा.

वर्षातले उरलेले दिवस डोंगर शांत असतो आणि तेथे येणारा बहुधा सहलीचा माणूस असतो. येऊ नये असे मी मुळीच म्हणणार नाही. लोक आले पाहिजेत. आले तर वाट राहील, गावातल्या पोरांना चार पैसे मिळतील. परंतु मी उतरत होतो तेव्हा एक उत्साही मंडळी वर चालली होती. एकाने दादांना विचारले, "काका, वर काय आहे बघण्यासारखं?" दादा म्हणाले, "दगड हाय जी." ती मंडळी हसली आणि पुढे गेली. मी दादांकडे पाहिले. तेही हसत होते, पण त्यांचे हसणे निराळे होते. विचारणाऱ्याने बघण्यासारखे काय ते विचारले होते. ऐकण्यासारखे काय ते विचारले असते, तर त्याला अख्खी गोष्ट मिळाली असती.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे फिरत असतील आणि मुलांना सुट्या असतील. सुटीत पूर्वेकडे जाण्याचा बेत असेल तर दरेकसा जरूर करावा. पाणी बेताने असते, वाट निसरडी असते; धबधब्याच्या कडेशी मुलांचा हात सोडू नये. गुहेत जाताना वहाणा बाहेर ठेवाव्यात, दगडावर नाव लिहू नये. अडीचशे कोटी वर्षे ज्याने कोणाचेही नाव लावून घेतले नाही, त्याच्यावर आपले लिहिणे हा आगाऊपणा होय. आणि वर चढण्यापूर्वी मुलांना ती गोष्ट सांगावी. खार सांगावी, भस्मासुर सांगावा, बिंदो पक्ष्याची पिले सांगावीत. पण शिळेखाली गेलेला वादक वगळू नये.

कारण एक हिशेब अजून बाकी आहे. या इतिहासात हिस्लॉपचे नाव कॉलेजवर आहे. टेंपलचे नाव पुस्तकावर आहे. मेडलिकॉट आणि स्यूस यांची नावे शास्त्रात आहेत. ज्याने ते गाणे गायले, ज्याच्या गळ्यातून ते कागदावर उतरले, तो नुसताच "एक परधान" म्हणून राहिला. दीडशे वर्षांहून अधिक काळ विद्वान त्या गाण्याचे दाखले देत आले, पण गाणाऱ्याला नाव नाही. उलट ज्या लोकांपाशी लेखणी नव्हती, शाई नव्हती, छापखाना नव्हता, त्यांनी आपल्या वादकाचे नाव किती पिढ्या कोण जाणे जिभेवर जपले आहे. हिरासुका पाटालीर. गुहेच्या तोंडाशी बसलेला कोणताही म्हातारा ते आजही आपल्याला सांगेल. फक्त विचारायला हवे.